आपली भाकरी, आपले रक्त आणि नवे विज्ञान

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्याभरापूर्वी समितीची मंडळी आमच्या घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, यंदा तुम्ही विज्ञानावर बोला. पेपरात रोज काही ना काही येतं. जनुक म्हणतात, जनुक संपादन म्हणतात. आमच्या डोक्यावरून जातं. आपल्या भाषेत सांगा." आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. तरीही होकार द्यायला दोन दिवस घेतले. पुस्तकातले शब्द फळ्यावर लिहून देणे वेगळे आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला समजेल असे सांगणे वेगळे. होकार दिला त्याला एक कारण आहे. ते आमच्या घरातले आहे. आधी तेच सांगतो.

आमच्या बहिणीची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता. चालताना धाप लागायची, तोंड पांढरं फटक पडलेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा! दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या तिने घेतल्याच नव्हत्या. आम्ही विचारलं, "काहून गं, गोळ्या काहून नाही घेतल्या?" ती म्हणाली, "मामा, गोळी घेतली की संडास काळी होते. मला वाटलं आत काहीतरी जळतंय. सासूबाई म्हणाल्या, नको घेऊ, लेकराला अपाय होईल. मग ठेवून दिल्या डब्यात."

तिला भरती करून रक्त चढवावे लागले. माय आणि लेकरू दोघेही सुखरूप आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या आमच्या मनात एकच विचार येत होता. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, तो गोळीचाच रंग असतो, त्याने काही बिघडत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. एवढेच सांगायला हवे होते. गोळी देणाऱ्याने गोळी दिली, वहीत नोंद केली, पण हे वाक्य दिले नाही. आणि दुसऱ्याला काय बोल लावायचा? आम्ही एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांना विज्ञान शिकवले, आणि आमच्याच बहिणीच्या घरात हे वाक्य पोचले नाही.

बंधू-भगिनींनो, विज्ञानाचा कोणताही शोध आपल्या दारात येतो तेव्हा त्याच्यासोबत असे एखादे समजावून सांगण्याचे वाक्य यावे लागते. ते आले नाही तर शोध डब्यात पडून राहतो. आज आम्ही जे सांगणार आहोत ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

हिमोग्लोबिन म्हणजे नेमकं काय? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे मोंढ्यातले हमाल समजा. फुफ्फुसातून प्राणवायूचे ओझे उचलायचे आणि अंगभर पोचवायचे, हे त्यांचे काम. ओझे वाहायला त्यांच्याजवळ जे टोपले असते, ते हिमोग्लोबिन. हे टोपले लोहाशिवाय विणता येत नाही. लोह कमी पडले की टोपली कमी पडतात, आणि माणूस बसल्या जागी थकतो. गरोदर नसलेल्या बाईच्या रक्तात १२ ग्रॅम आणि गरोदर बाईच्या रक्तात ११ ग्रॅम हिमोग्लोबिन तरी पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आज या विहारात बसलेल्या माय-माऊल्यांनी आपल्या डाव्या-उजव्या बाजूला पाहावं. दोघींपैकी एक. "बाईमाणसाला थकवा असतोच" असं म्हणून आपण ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, तो पुष्कळदा हाच आजार असतो.

आता या आजाराचा आपल्या परभणीशी काय संबंध, ते पाहू.

परभणीत शेतीचे प्रयोग निजामाच्या काळापासून चालत आले. १८ मे १९७२ रोजी इथे मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. विद्यापीठाच्या शेतात ज्वारीच्या कणसांना कागदी पिशव्या बांधलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. काहींनी तर रोजंदारीवर स्वतःच्या हातांनी बांधल्या असतील. पाखरांसाठी बांधत असतील, असं वाटून आपण पुढे जातो. खरे कारण वेगळे आहे. वाऱ्याने दुसऱ्या ताटाचे परागकण या कणसावर येऊ नयेत, बी शुद्ध राहावे, म्हणून ती पिशवी असते.

अशाच कामातून परभणी मोती आणि परभणी ज्योती हे रब्बी ज्वारीचे वाण निघाले. आणि २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण निघाला. आपल्या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तो तयार केला. देशातली ही पहिली जैवसमृद्ध ज्वारी. जैवसमृद्ध म्हणजे काय? पिठात वरून औषध मिसळायचे नाही; दाण्यातच लोह आणि जस्त जास्त भरेल असे बी तयार करायचे. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह असते, परभणी शक्तीत ४५ मिलिग्रॅम. नेहमीच्या ज्वारीत जस्त २०, हिच्यात ३२.

आता आपण घरातला हिशेब मांडू. एखादी बाई दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाते असे धरा. जुन्या ज्वारीतून तिला ९ मिलिग्रॅम लोह मिळेल, परभणी शक्तीतून साडेतेरा. बाईची रोजची गरज आपल्या देशातल्या तज्ज्ञांनी २९ मिलिग्रॅम ठरवली आहे. म्हणजे भाकरी बदलल्याने रोज साडेचार मिलिग्रॅमची भर पडते. ही भर लहान नाही. पण ही भाकरी खाल्ली की रक्तक्षय पळाला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धान्यातले सगळेच लोह अंगाला लागत नाही. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कच्चा टमाटा असेल तर जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. ज्या बाईचं रक्त आठावर, सहावर आलं आहे तिला गोळी आणि डॉक्टरच पाहिजे. भाकरी आहे ती पुढच्या दिवसांसाठी, वाढत्या पोरींसाठी, रोजच्या रोज थोडी थोडी पुंजी साठावी म्हणून.

पण दाण्यात लोह वाढवले कसे? हे समजायला बी म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. म्हणजे मग जनुक संपादन वगैरे सगळेच सोपे होईल.

प्रत्येक बियाण्यात, आपल्याही अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत, एक वही असते असे समजा. त्या वहीत पुढे काय कसे बनवायचे ते लिहिलेले असते. ताट किती उंच, दाणा कोणत्या रंगाचा, मुळांनी लोह किती ओढायचे. ही वही चारच अक्षरांत लिहिलेली असते. ज्वारीची वही साधारण ७३ कोटी अक्षरांची आहे. २००९ साली शास्त्रज्ञांनी ती वाचून काढली. माणसाची वही सुमारे ३०० कोटी अक्षरांची. या वहीतली कामाची एक ओळ म्हणजे एक जनुक. आणि अक्षराचे महत्त्व किती असते ते स्वयंपाकघरात पाहा. "चिमूटभर मीठ घाल" या ओळीत एकच अक्षर चुकले आणि "चिमूटभर पीठ घाल" झाले, तर भाजी अळणी होते. एका अक्षराचा फरक, सगळी चव गेली.

ही वही बदलण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सोयरिकीचा. दोन चांगल्या वाणांची गाठ घालून द्यायची. लेकरात काही गुण आईचे, काही बापाचे येतात. त्यातली चांगली निवडायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. याला सात-आठ वर्षे सहज लागतात. परभणी शक्ती अशी निवडीतून आली. जास्त लोह असलेले वाण शोधायचे, त्यांची निवड करत जायचे. दाण्यावर क्ष-किरण टाकून आत लोह किती ते मोजणारी यंत्रे आता निघाली, म्हणून हे काम लवकर झाले. पण मार्ग जुनाच. आपल्या बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेली 'परभणी क्रांती' भेंडी अशीच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. भेंडीच्या एका रानटी जातीत त्या रोगाला दाद न देण्याचा गुण होता, तो सोयरिकीने घरच्या भेंडीत आणला. हे काम इथेच, आपल्या विद्यापीठात झाले. विद्यापीठाच्या नांदेडच्या केंद्रातून निघालेला 'नांदेड-४४' हा संकरित कापूस ज्यांनी पेरला, ते शेतकरी आजही त्याची आठवण काढतात.

कापसाच्या या सोयरिकीशी आमचे घरचे नाते आहे. आमची माय बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामाला जायची. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर अलगद काढून टाकायचे, वर कागदाची पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे फूल आणून त्या कळीला परागकण लावायचे. एका दिवसात अशा कितीतरी कळ्या. माय अडाणी होती. आपण जे करतो त्याला वनस्पतींचे संकरण म्हणतात हे तिला कुणी सांगितले नव्हते. आम्ही पुढे मिलिंदमध्ये शिकायला गेलो, पुस्तकात तेच चित्र पाहिले आणि सुट्टीत घरी येऊन तिला दाखवले. ती चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तर माझंच काम आहे की रे." लेकरांनो, विज्ञान म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी, ही समजूत आमच्या डोक्यातून त्या दिवशी निघाली.

दुसरा मार्ग उसनवारीचा. दुसऱ्याच कुणाच्या वहीतली ओळ उतरवून आपल्या वहीत चिकटवायची. बीटी कापूस हा असा. मातीत बीटी नावाचा एक जिवाणू असतो. बोंडअळीला मारणारे एक प्रथिन कसे बनवायचे, ती ओळ त्याच्या वहीत होती. ती कापसाच्या वहीत घातली. आता अळीने कापूस खाल्ला की ती मरते. मार्च २००२ मध्ये आपल्या देशात त्याला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन ओळी घातलेले बियाणे आले. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, ही गोष्ट खरी आहे. पण २०१७ साली काय झाले, ते आपल्या जिल्ह्यातल्या कापूसवाल्यांना सांगायला नको. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी! तिला बीटीचे विष पचू लागले होते.

असे का झाले? कारणे एकाहून जास्त आहेत. त्यातले एक या विहारात बसलेल्या प्रत्येकाने ऐकावे. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे साध्या कापसाचे वेगळे पाकीट यायचे. ते शेताच्या कडेने पेरायचे असे. का? तर साध्या कापसावर काही अळ्या जगाव्यात, त्यांचे विषाला दाद देणारे वाण शिल्लक राहावे, आणि विष पचवणाऱ्या एखाद-दुसऱ्या अळीची गाठ त्यांच्याशीच पडावी. म्हणजे विष पचवणाऱ्यांचा वंश लवकर वाढत नाही. पण हे 'का' कुणी नीट सांगितले नाही. शेतकऱ्याला वाटले, अळी पोसायला पेरायचं काय? पुष्कळांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले. वर फरदड ठेवली. उन्हाळ्यापर्यंत पराट्या उभ्या राहिल्या, अळीला बारा महिने घर मिळाले. आमच्या भाचीची गोळी डब्यात राहिली आणि शेतकऱ्याचे पाकीट बांधावर. दोन्हीकडे कारण एकच होते.

तिसरा मार्ग नवा आहे, ज्याने समितीच्या मंडळींना कोड्यात टाकले. जनुक संपादन. यात बाहेरून ओळ आणून चिकटवायचीच असे नाही. आपल्याच वहीत नेमके एक अक्षर शोधायचे, ते खोडायचे किंवा बदलायचे. 'मीठ'चे 'पीठ' झाले असेल तर पुन्हा 'मीठ' करायचे. हे करायला क्रिस्पर नावाची कात्री सापडली. ही मुळात जिवाणूंची. विषाणूने हल्ला केला की त्याची ओळ ओळखून कापून टाकायची, ही जिवाणूंची जुनी युक्ती. एमान्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोन शास्त्रज्ञ बायांनी २०१२ साली दाखवून दिले की ही कात्री आपल्याला हव्या त्या ओळीवर चालवता येते. २०२० साली दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या मुलींनो, दोन बाया, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आपल्या देशात ४ मे २०२५ रोजी या मार्गाने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले. एक हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा, 'कमला' नावाचा. दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा. पहिला लवकर पिकतो आणि जास्त उतारा देतो, दुसरा खारवट आणि कोरड्या जमिनीत तग धरतो, असे संस्थांचे म्हणणे आहे. काही संघटनांनी चाचण्यांच्या आकड्यांवर प्रश्न विचारले आहेत. संस्थांनी ते आक्षेप नाकारले आहेत. हा वाद आपल्या कानावर येईल तेव्हा घाबरू नका आणि कुणाच्या बाजूने लगेच टाळ्याही वाजवू नका. भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले ते आपण या विहारात दरवर्षी ऐकतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. नव्या विज्ञानालाही हाच नियम लागू. बियाणे कुणाच्या मालकीचे? पुढच्या वर्षी घरचे बी चालेल का? चाचणी कोणत्या जमिनीत झाली? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत, शहाणपणाचे आहेत.

आता हीच कात्री माणसाच्या रक्तापर्यंत पोचली आहे. हा विषय आपल्या समाजाच्या फार जवळचा आहे, म्हणून नीट सांगतो.

मघाशी टोपल्याचे सांगितले. काही माणसांच्या वहीत हिमोग्लोबिनच्या ओळीत एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे टोपले वाकडे विणले जाते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून आजाराचे नाव सिकलसेल. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. विदर्भातल्या आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. आणि आपल्या सोयरिकी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळपर्यंत होतात.

यात कुणाचा दोष नाही, कुणाचे पाप नाही, भानामती तर मुळीच नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन वह्या आपल्याला मिळतात. एकाच वहीत चूक असेल तर तो माणूस वाहक. तो साधारणपणे ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एका रक्ततपासणीने हे लग्नाआधी कळते. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे, तपासणी त्यात होते. पत्रिका जुळवणे आपण सोडले, चांगले केले. तिच्या जागी हा एक कागद पाहायला हरकत नाही. मात्र कुणाची पोरगी वाहक निघाली म्हणून तिला नाव ठेवू नका. आणखी एक. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त कमी दिसले म्हणून कुणाच्या सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. तिथे लोह कमी असतेच असे नाही, टोपल्याची घडण चुकलेली असते. डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

कात्री इथे काय करते? आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, ते वाकडे होत नाही. जन्मानंतर त्याचे बटण हळूहळू बंद होते. शास्त्रज्ञांनी रुग्णाच्या हाडातल्या मगजातून रक्त बनवणाऱ्या पेशी काढल्या, कात्रीने ते बंद बटण पुन्हा चालू केले आणि पेशी परत अंगात सोडल्या. अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या बाईवर २०१९ साली हा उपचार झाला. तिच्या वेदनांचे झटके थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत किती ठेवली? २२ लाख डॉलर. म्हणजे आपले अठरा कोटी रुपयांच्या वर! आपल्या देशातल्या दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने याच आजारावर 'बिरसा १०१' नावाची देशी जनुक उपचारपद्धती तयार केल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. अशा उपचाराला रुग्णापर्यंत पोचायला चाचण्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तोपर्यंत "अमुक ठिकाणी हमखास बरा करतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

इथे एक प्रश्न आम्हाला अस्वस्थ करतो. ज्यांना हा आजार आहे ते बहुतेक गरीब आहेत, आणि ज्यांच्याजवळ औषध आहे त्यांनी किंमत अठरा कोटी ठेवली आहे. विज्ञानाने अक्षर शोधले, पण ते दुरुस्त करण्याचा हक्क कुणाला, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते समाजात ठरते, सरकारात ठरते. त्यासाठी आपल्यातून बोलणारे लोक पाहिजेत. आणि बोलायचे तर आधी समजले पाहिजे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंदची स्थापना केली, त्या मागे हाच विचार होता असे आम्ही मानतो.

आता पुन्हा परभणी शक्तीकडे येऊ. आमच्या भाचीच्या दुखण्यानंतर आम्ही वस्तीत सहज विचारणा केली. पन्नासेक घरे झाली. परभणीच्या नावाची, बायांच्या रक्तासाठी उपयोगी पडावी म्हणून तयार झालेली ज्वारी किती जणांनी खाल्ली? एकही घर निघाले नाही. नाव ऐकलेले दोघे निघाले. रेशनवर बहुतेक गहू-तांदूळच मिळतो. ज्वारी आता पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाही. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, पण आपल्या पोरांच्या डब्यात भाकरी आली नाही.

यात आपल्या हातात असलेली एक गोष्ट आहे. परभणी शक्ती हा सरळ वाण आहे, संकरित नाही. संकरित बियाण्याचे घरचे बी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरसाल विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे तसे नाही. नीट निवडून ठेवलेले घरचे बी पुढच्या वर्षी चालते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, आपसांत देण्या-घेण्याचा हक्क आहे. आपल्यात जमीनवाले थोडे आहेत, हे आम्हाला माहीत आहे. पण ज्यांना दोन-चार एकर आहे त्यांनी विद्यापीठाच्या बियाणे केंद्रावर चौकशी करावी. थोडे बी आणून चार तासं पेरावीत. उतारा कसा येतो, भाकरी कशी होते, कडबा जनावरं खातात का, हे स्वतः पाहावे. चांगले वाटले तर शेजाऱ्याला पायलीभर बी द्यावे.

ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, घरातल्या प्रत्येक बाईचे आणि वयात आलेल्या पोरीचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्या. दुसरी, आशाताई लोहाची गोळी देतात तेव्हा ती डब्यात ठेवू नका. काळ्या रंगाला भिऊ नका. चहाबरोबर घेऊ नका. ज्या घरात गरोदर बाई आहे तिथल्या सासूबाईंनाही हे शेजारणीने जाऊन सांगा. तिसरी, लग्न ठरवताना सिकलसेलची तपासणी.

आणि विहार समितीला एक विनंती. पौर्णिमेला आपण जमतो. वंदना झाल्यावर दहा मिनिटे आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरा-पोरींना द्यावीत. कुणी नर्सिंग करते आहे, कुणी कृषी पदविका, कुणी बी.एस्सी. त्यांनी एक नवी गोष्ट सांगायची आणि अशी सांगायची की आमच्या मायसारख्या अडाणी बाईने म्हणावे, "हे तर माझंच काम आहे." ज्याला तसे सांगता आले नाही, त्याने पुढच्या पौर्णिमेला पुन्हा सांगायचे. आम्हीही येऊन बसू, चुकले तर दुरुस्त करू, आमचे चुकले तर पोरांनी करावे.

आमची भाची आज इथे मागे बसलेली आहे, मांडीवर लेकरू आहे. भाषणाची तयारी करताना आम्ही तिला विचारले होते, तुझी गोष्ट सांगू का? ती म्हणाली, "सांगा मामा, पण दुसऱ्या कुणाच्या गोळ्या डब्यात राहायला नको." तेवढ्यासाठी हे सगळे सांगितले.



जय भीम! नमो बुद्धाय!